रेंडर फार्मवरून वेब व्यवसायाकडे

प्रश्न : मी गोरेगावच्या एका व्हीएफएक्स (चित्रपटांतील दृश्य-करामतींच्या) स्टुडिओत नऊ वर्षे पाइपलाइन प्रोग्रामर आहे, म्हणजे कलाकारांची टूल्स आणि त्यांचे काम पुढे सरकवणारी यंत्रणा लिहितो. चित्रपट संपत आला की पुढचे काम येईपर्यंत नोकरीची टांगती तलवार असते. स्वतःचा वेब व्यवसाय काढावा असे वाटते. त्यासाठी पुन्हा श्रीगणेशापासून सुरुवात करावी लागेल का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : करावी लागेल, पण प्रोग्रामिंगची नव्हे. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे सेकंदाला 24 या हिशेबाने 120 फ्रेम. एक फ्रेम रेंडर करायला, म्हणजे संगणकाने तिचे अंतिम चित्र तयार करायला, चार तास धरले, तर एकट्या यंत्राला 480 तास, म्हणजे 20 दिवस लागतील. ते काम रेंडर फार्मच्या शंभरेक यंत्रांवर वाटून, रात्री तीन वाजता 87वी फ्रेम अडकली तर तेवढीच पुन्हा रांगेत लावून, सकाळी डेलीजला, म्हणजे झालेले काम रोज पाहण्याच्या बैठकीला, शॉट हजर करणे हे तुमचे रोजचे काम आहे, आणि वेब सर्व्हरच्या मागे चालणारी कामांची रांग याहून फारशी निराळी नसते.

निराळा असतो तो ग्राहक. स्टुडिओतला कलाकार टूल बिघडले की तुमच्या टेबलाशी येऊन उभा राहतो. वेबवरचा ग्राहक चकार शब्द न काढता निघून जातो. शिवाय चित्रपट प्रदर्शित झाला की त्याच्यासाठी लिहिलेला कोड विसरता येतो, तशी सुट्टी वेबवर नाही. हिशेब, जीएसटी आणि ग्राहकांचे फोन यांची सवय मात्र अंगवळणी पाडावी लागेल.

विकायचे काय, हा खरा प्रश्न आहे. इतरांसारखी हॉटेलांची संकेतस्थळे करू नका. बोस्टनच्या झीरो व्हीएफएक्स या स्टुडिओने स्वतःच्या गरजेपोटी क्लाउडवर रेंडर करण्याची झिंक ही व्यवस्था उभारली, ती 2014 मध्ये गूगलने विकत घेतली. शॉटची प्रगती ब्राउझरमध्ये दाखवणारे शॉटगन त्याच वर्षी ऑटोडेस्ककडे गेले. दोन्ही आपल्याच धंद्यातल्या डोकेदुखीतून जन्मली. तथापि, केवळ स्टुडिओंवर विसंबणे मला धोक्याचे वाटते: फेब्रुवारी 2025 मध्ये व्हीएफएक्स स्टुडिओ चालवणारा टेक्निकलर समूह कोसळला, तेव्हा भारतातल्या कर्मचाऱ्यांवरही कुऱ्हाड कोसळली. म्हणून जाहिरात संस्था, वास्तुविशारद अशा, चित्रांचे ढीग सांभाळणाऱ्या शेजाऱ्यांकडेही पाहा.

राजीनाम्यापूर्वी नेमणुकीचा करार काढून वाचा. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार, वेगळा करार नसल्यास, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. तेव्हा स्टुडिओतली एकही फाइल सोबत घेऊ नका. घरच्या यंत्रावर, कोऱ्या पानापासून लिहा.