जुनी पेट्रोल गाडी एवढ्यात देऊ नका

देवगडच्या एका आंबा बागायतदारांनी विचारलंय: इलेक्ट्रिक गाडी पेट्रोलपेक्षा ३ लाखांनी महाग पडते. जुनी पेट्रोल गाडी एक्स्चेंजला देऊन, ४ लाखांची एफडी मोडून, बाकीचं कर्ज काढून घ्यावी म्हणतो. सर्व्हिस सेंटर मात्र कोल्हापूरला. घेऊ का?

घ्या. पण एफडी मोडू नका आणि जुनी गाडी वर्षभर तरी दारात असू द्या.

तुमचं रनिंग महिन्याला १,००० किलोमीटर. पेट्रोलला किलोमीटरमागे ७ रुपये आणि घरच्या चार्जिंगला २ रुपये धरले, तर वर्षाला ६० हजार वाचतात; जादाचे ३ लाख पाच वर्षांत वसूल. बॅटरीची वॉरंटी बऱ्याच गाड्यांना ८ वर्षांची असते, म्हणून हा हिशेब बसतो. नेहमीच्या सर्व्हिसिंगसाठी वर्षातून एकदोनदा घाट चढावा लागला तर त्याचं एवढं काही नाही.

खरा खर्च गाडी अडून बसण्याचा आहे. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाची इलेक्ट्रिक गाडी ऐन एप्रिलात दारातच बंद पडली. मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली, पण गाडी सुरू करायला लागते ती साधी १२ व्होल्टची उतरलेली. ते गावातल्या इलेक्ट्रिशियननं निभावलं. गाडीतलं चार्जिंगचं युनिट बिघडलं असतं तर गाडी उचलून कोल्हापूरला, मग पार्टची वाट बघणं, आणि तोवर भाड्याची गाडी. तोडणी चालू असताना तुम्हाला हे परवडणार नाही. जुन्या गाडीचा विमा आणि देखभाल ही त्या धोक्याची किंमत समजा. एक पावसाळा, एक हंगाम जाऊ द्या, मग विका.

एफडीचं म्हणाल तर तुमचं उत्पन्न वर्षातून एकदाच येतं, आणि मोहोर करपला तर तेही अर्ध्यावर. डाऊन पेमेंट या हंगामाच्या पैशातून करा. खरेदी जूनपर्यंत लांबेल, लांबू द्या. कर्जाच्या व्याजावर आयकराच्या कलम ८०ईईबीची सूट मिळेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती.

बुकिंगआधी घरचं अर्थिंग तपासून घ्या. जांभ्याच्या कातळात उन्हाळ्यात ते कमजोर होतं आणि चार्जर चालत नाही. टोइंग किती किलोमीटरपर्यंत फुकट, हेही डीलरकडून लेखी घ्या. मर्यादा ५० ची असेल तर कोल्हापूरपर्यंतचं उरलेलं भाडं तुमच्याच खिशातून जाईल.