ओपन सोर्स प्रकल्पाचा मी एकटाच मेंटेनर (देखभाल करणारा) आहे. लोक एखादा पॅच (कोडमधला बदल) पाठवून गायब होतात. टिकवायचं कसं?

पहिल्या पॅचला दोन-तीन दिवसांत उत्तर द्या आणि तीन-चार चांगले पॅच आले की त्या माणसाला थोडे अधिकार द्या. ‘पाहिलं, रविवारी तपासतो’ एवढंही उत्तर चालतं. महिनाभर पडून राहिलेला पॅच मुख्य शाखेशी जुळेनासा होतो, मग कॉन्फ्लिक्ट सोडवत बसायला कोण परत येणार? स्पेस-टॅबच्या चुका स्वतः दाखवू नका, ते काम सीआयला (आलेला कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेला) करू दे. यंत्राने टोकलेलं कुणाला लागत नाही. गिटहबवर रेपो (प्रकल्पाच्या कोडचा साठा) वैयक्तिक खात्यात असेल तर तो ऑर्गनायझेशनमध्ये हलवा, कारण ‘ट्रायेज’ भूमिका तिथेच मिळते: कोडमध्ये बदल करण्याचा अधिकार न देता इश्यू (नोंदवलेल्या अडचणी) बंद करणं, लेबल लावणं ही कामं वाटून देता येतात. नवख्यांसाठीचं ‘गुड फर्स्ट इश्यू’ हे लेबल लावताना कोणती फाइल आणि कोणती टेस्ट, तेही लिहा.

रिलीजच्या किल्ल्या, म्हणजे नवी आवृत्ती प्रकाशित करण्याचे अधिकार, मात्र इतक्या सहज देऊ नका. ‘एक्सझेड’ या फाइल लहान करणाऱ्या ओपन सोर्स साधनामध्ये २०२१पासून पॅच पाठवत थकलेल्या मेंटेनरचा विश्वास मिळवलेल्या खात्यानेच ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये बॅकडोअर (चोरवाट) घुसवलं. मार्च २०२४मध्ये ते उघड झालं. ते जागं करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (प्रकाशित केलेल्या कोडच्या गठ्ठ्यात) होती. म्हणून टारबॉल कुणाच्या लॅपटॉपवर नको, गिटमधल्या टॅगवरून (आवृत्तीच्या खुणेवरून) सीआयमध्येच बनवा आणि प्रकाशनाला दुसऱ्या व्यक्तीची मंजुरी सक्तीची ठेवा.