प्रश्नोत्तरे : नदीमुखाच्या तळाची तपासणी

प्रश्न : नदीमुखात तळाचा गाळ चाळला. समुद्राकडच्या टोकाला जीवांच्या भरपूर जाती मिळाल्या, मधल्या पट्ट्यात जेमतेम सात-आठ. मधला भाग प्रदूषित आहे का?

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. ५ ते ८ क्षारतेच्या (म्हणजे किलोभर पाण्यात ५ ते ८ ग्रॅम क्षार असलेल्या) मचूळ पट्ट्यात मुळातच सर्वांत कमी जाती असतात. समुद्री जीवांना तिथलं पाणी फार गोडं, गोड्या पाण्यातल्यांना फार खारट. म्हणून तुलना सारख्या क्षारतेच्या आणि सारख्याच गाळाच्या ठिकाणांमध्येच करा. वाळू आणि चिखल यांची तुलना तर निरर्थकच. क्षारता तळालगत मोजा, भरतीला आणि ओहोटीलाही. खारं पाणी जड असतं, त्यामुळे वरच्या थरातल्या मापनाने फसगत होते.

प्रत्येक ठिकाणी ०.१ चौरस मीटरच्या ग्रॅबने (तळाचा गाळ जबड्यात पकडून वर आणणाऱ्या उपकरणाने) निदान तीन नमुने घ्या आणि ते वेगवेगळे ठेवा. जबड्यात शिंपला किंवा खडा अडकून गाळ सांडला असेल, तर तो नमुना टाकून द्या. चाळणी ०.५ मिलिमीटरची हवी. १ मिलिमीटरच्या चाळणीतून बारीक कृमी निसटतात आणि प्रदूषणाचा माग नेमका त्यांच्यावरूनच लागतो. पाण्याची धार जोराची नको, कृमी तुटतात. उरलेला ऐवज एक भाग बाजारी फॉर्मालिन आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात ठेवा. त्यात बोरॅक्स घालायला विसरू नका. फॉर्मालिन आम्लधर्मी होतं, बारीक शिंपले त्यात विरघळतात आणि मग ओळख पटत नाही. हे काम हातमोजे घालून, मोकळ्या हवेत करा. काही दिवसांनी जीव धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा.

आता खरी लक्षणं. कॅपिटेला या प्रदूषण सोसणाऱ्या कृमींची झुंबड, खोल बिळं करणारे मोठे शिंपले गायब, पृष्ठभागालगतच काळा थर, सडक्या अंड्यासारखा वास, तळाशी ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली : हे सगळं एकत्र दिसलं, तर मात्र सेंद्रिय घाणीचा संशय पक्का धरा. एकटीदुकटी खूण पुरेशी नाही, कारण नदीमुखाचा चिखल निसर्गतःच सेंद्रिय द्रव्यांनी भरलेला असतो.

याच कारणाने ‘अँबी’ निर्देशांकही जपून वापरा. तो जातींचे प्रदूषण सोसण्यानुसार पाच गट करून ० ते ७ असा आकडा देतो; आकडा जितका मोठा, तितकी स्थिती वाईट. पण निरोगी नदीमुखातही सोशिक जातीच जास्त असतात, त्यामुळे आकडा उगाच वाईट येतो. नमुन्यात जीव मोजकेच असतील, तर त्या आकड्यावर विसंबूच नका. पुढच्या वर्षीचे नमुने त्याच ऋतूत घ्या. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या गर्दीने संख्या काही आठवड्यांपुरती फुगते.