वस्तीतल्या मुलांचे आरटीई अर्ज भरताना

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा. त्याखाली खासगी शाळांत असलेल्या २५ टक्के राखीव जागांचे अर्ज सुटायची वाट बघू नका, दिवाळीनंतरच घरोघरी कागद तपासायला लागा. दुर्बल घटकाला तहसीलदारांचा १ लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. जातीच्या दाखल्यावर अर्ज असेल तर उत्पन्नाची अट नाही.

खरा घोळ पत्त्यात होतो. भाडेकरार नोंदणीकृतच हवा, नुसता नोटरीचा कागद पडताळणीत अडतो. ऑनलाइन अर्जात घराची नकाशावरची खूण ऑफिसात बसून अंदाजाने करू नका, त्या खोलीच्या दारात उभं राहून करा. चार गल्ल्या चुकल्या की शाळेपासूनचं १ किलोमीटरचं अंतर बिघडतं आणि प्रवेशाची लॉटरी लागूनही प्रवेश हातचा जातो. फार वाईट वाटतं तेव्हा.

एसएमएसवर विसंबू नका, सिमकार्डं बदलतात. अर्ज क्रमांक आईच्या वहीत लिहून ठेवा आणि निकाल पोर्टलवर स्वतः बघा.