डोके ठणकते, पण दुखणे मूत्राशयात

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आंबे काढताना झाडावरून पडून माझ्या यजमानांच्या मानेच्या मणक्याला इजा झाली. छातीखाली त्यांना काहीच कळत नाही. एरवी त्यांचा रक्तदाब १००/६० असतो. हल्ली मधूनच डोके ठणकू लागते, चेहरा लाल होऊन घामाने निथळतो आणि पाय मात्र गार पडून अंगावर काटा येतो. मागच्या खेपेला रक्तदाब १६०/१०० भरला. आम्ही त्यांना आडवे करून पित्ताची गोळी देतो. रक्तदाबाची गोळी रोज सुरू करावी का?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आपण केलेले वर्णन ‘ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया’चे, म्हणजे इजेखालच्या एखाद्या त्रासाने रक्तदाब एकाएकी चढण्याचे, दिसते. मज्जारज्जूची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असली, की हा धोका संभवतो. मूत्राशय तुंबल्याचे यजमानांना जाणवत नाही. पण ती खबर इजेच्या खालच्या मज्जारज्जूला पोहोचते, तिथल्या नसा रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब चढतो. मेंदू तो उतरवण्यासाठी नाडी मंद करतो, चेहऱ्याकडच्या रक्तवाहिन्या सैल सोडतो; इजेखाली मात्र त्याचा निरोप पोहोचतच नाही. वर घाम आणि खाली काटा, तो यामुळेच.

आडवे करणे तेवढे ताबडतोब थांबवा. त्यांना उठून बसवा, पाय खाली सोडा, पट्टा व कपडे सैल करा. मग लघवीची नळी पाहा : बहुतेक वेळा ती मांडीखाली दुमडलेली, गाळाने तुंबलेली असते किंवा पिशवी काठोकाठ भरलेली असते. तिथे काही नसेल तर साठलेला मळ, बेडसोर, फार काय, पायाच्या बोटात रुतलेले नखही पुरते. दर दोन ते पाच मिनिटांनी रक्तदाब मोजत राहा. कारण सापडत नसेल, किंवा ते दूर करूनही वरचा आकडा १५० च्या पुढेच राहत असेल, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठा; मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

रोजची गोळी आपणहून सुरू करू नये. एरवीचा दाब आधीच कमी असल्याने ती त्यांना चक्कर आणील, आणि तुंबलेली नळी तुंबलेलीच राहील.

एक चिठ्ठी त्यांच्या खिशात असू द्या : इजेची पातळी, या विकाराचे नाव आणि ‘नेहमीचा रक्तदाब १००/६०’. अनोळखी दवाखान्यात १४० हा आकडा पाहून कुणी फारसे दचकत नाही. यजमानांच्या बाबतीत तो ४० ने चढलेला असतो.