उघडीप कधी, ते शिकून ये

वाळपई, सत्तरी, गोवा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कृषी हवामानाच्या परदेशी प्रशिक्षणासाठी तुझी निवड झाल्याचं कळलं. बरं वाटलं. व्हिसा, विमान, गरम कपडे यांत मी तोंड घालत नाही. माझं सांगणं एवढंच, की जाताना इथला एक प्रश्न सोबत ने.

या विषयाचं बरंचसं शिक्षण कोरड्या मुलखांच्या गरजेतून उभं राहिलंय. नायजरमध्ये नियामेचं आग्रिमेट हे कृषी हवामानाचं केंद्र १९७४ साली निघालं ते साहेलमधल्या, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातल्या, दुष्काळामुळे. इस्राएलच्या बेट दगानला अभ्यासक्रम चालले, तिथेही आहे ते पाणी पिकाला पुरवायचं कसं हीच चिंता. तेव्हा बाष्पोत्सर्जन, म्हणजे जमिनीतून आणि पानांतून पाणी कसं उडून जातं ते, तुला भरपूर शिकवतील. मन लावून शीक. पण हे उडणारं पाणी मोजायची एफएओची (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेची) १९९८ सालची पेनमन-मॉन्टीथ पद्धत फळ्यावर आली की ध्यानात ठेव, तिच्यातलं संदर्भ पीक, म्हणजे ज्याच्यावरून बाकी पिकांचा हिशेब करतात ते, १२ सेंटिमीटर उंचीचं गवत. आपल्या कुळागरात वर पोफळ, तिच्या अंगावर मिरवेल, मध्ये केळ, खाली अननस. इथे ते गणित कसं लावायचं, हे भर वर्गात विचार.

आपल्याकडे पावसाळ्यात पाऊस कधी येईल यापेक्षा थांबेल कधी, याची पंचाईत जास्त. पावसात सुपारीचे घड कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी १ टक्का बोर्डो मिश्रणाची (मोरचूद आणि चुना) पहिली फवारणी मृगाआधी उरकते. दुसरी ४०-४५ दिवसांनी, म्हणजे ऐन आषाढात. पोफळीची खोडं शेवाळलेली. चढणारा मिळाला तर पाऊस थांबत नाही, पाऊस थांबला तर चढणारा दुसऱ्याच्या कुळागरात. घडावरचं मिश्रण सुकायच्या आत सर आली की मोरचूद, चुना, मजुरी सगळं मातीत. अशा माणसाला ‘जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी पाऊस’ सांगून काय उपयोग? आषाढात तो असतोच! त्याला हवी काही तासांची उघडीप, तीही पणजीतली नव्हे, सत्तरीतली. घड किती तास ओला राहिला की रोग धरतो, ओलेपणा मोजणारं यंत्र झाडावर कुठे बसवायचं, हे मुळापासून शिकून घे. आणि ‘दहात सहा वेळा कोरडं’ असा अंदाज असेल तर मजूर बोलवावा की नाही, हा हिशेब शेतकऱ्यासोबत बसून कसा मांडतात तेही.

परदेशात गेलं की सगळं ज्ञान तिकडचंच वाटू लागतं. पुण्यात हवामान खात्याचा कृषी विभाग १९३२ साली सुरू झाला. निरभ्र, शांत रात्री सगळ्यात थंड हवा जमिनीला टेकून नसते, थोडी वर असते, हे त्याच सुमारास हवामानशास्त्रज्ञ एल. ए. रामदासांनी पुण्यातच दाखवलं. जगभर त्याला रामदास थर म्हणतात. जाण्याआधी पुण्याला एक चक्कर टाक.

इथल्या नोंदी नेशील तेव्हा वेळ कुठली ते लिहून ने. कृषी वेधशाळेचं सकाळी सातचं निरीक्षण स्थानिक, म्हणजे त्या गावच्या रेखांशावरून ठरणाऱ्या, वेळेचं असतं, आपल्या घड्याळात तेव्हा साधारण ७.३५ झालेले असतात. आणि त्या नोंदींसाठीचा अर्ज आत्ताच टाक. तिकडून मेल पाठवून त्या मिळतील, या आशेवर राहू नकोस.

तुझा
काका