आल्प्समध्ये इतक्या उंचावर जुनी गावं टिकली कशी? – उत्तर

तुम्ही विचारलंय, की फ्रान्सच्या डोंगरात बर्फाच्या रेषेला भिडलेली जुनी गावं दिसतात, तिथं माणसं राहिली का आणि कशी? एखाद्या गावाचा भूगोल-इतिहास सांगा.

मी दोन वर्षं ग्रनोबलला शिकायला होतो. त्या काळात सँ-व्हेराँ या गावी तीनदा गेलो, म्हणून सगळ्या आल्प्सवर बोलण्यापेक्षा तेवढंच सांगतो.

आग्नेय फ्रान्समध्ये इटलीच्या हद्दीला खेटून केरास नावाचं खोरं आहे. त्याच्या एका टोकाला, साधारण 2040 मीटरवर हे गाव. आपलं कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी चारशे मीटर चढल्यावर पहिलं घर लागेल. ‘युरोपातलं सर्वांत उंच गाव’ अशी त्याची जाहिरात होते, पण ती फार मनावर घेऊ नका. स्वित्झर्लंडमधली यूफ नावाची वस्ती याहून उंच आहे. फ्रान्समधली सर्वांत उंच ग्रामपंचायत म्हटलं तर ठीक.

पहिल्यांदा गेलो तेव्हा चाकांची बॅग घेऊन गेलो होतो. मों-दोफँ स्टेशनवर उतरायचं, तिथून बस. बस गावाच्या पायथ्याशी सोडते आणि पुढे उभी चढण. बॅग डोक्यावर घेतली. पण त्यामुळे हळू चालावं लागलं आणि घरं नीट बघता आली.

घराचा खालचा मजला दगडी, वरचा सगळा लार्च या सूचिपर्णी झाडाच्या ओंडक्यांचा. खाली गोठा, आणि हिवाळ्यात माणसंही त्याच गोठ्यात राहायची. सरपण दुर्मीळ, गुरांच्या अंगाची ऊब फुकट. विसाव्या शतकातही काही घरांत हे चालू होतं. वरच्या माळ्यावर सहा-सात महिने पुरेल एवढं गवत. दक्षिणेच्या अंगाला लांब लाकडी सज्जे असतात, ते शोभेचे नव्हेत. या उंचीवर राय (गव्हासारखं एक धान्य) आणि जव शेतात पुरते पिकायच्या आत थंडी गाठते, म्हणून कणसांच्या पेंढ्या कापून आणायच्या आणि सज्जात उन्हाला लावायच्या. उरलेलं पिकणं घरी!

इथं ऊन भरपूर, पाऊस बेताचा, आणि गाव उताराच्या उन्हाकडच्या बाजूला. समोरच्या सावलीतल्या उतारावर जंगल. खाली नदीकाठी सपाट जागा असताना लोक उतारावर का चढले, हे मला 1957 बद्दल ऐकल्यावर कळलं. त्या जूनमध्ये गील नदीला पूर आला आणि खोऱ्यातले रस्ते, पूल, घरं वाहून गेली. सँ-व्हेराँ मात्र वर होतं.

पुराची नाही, पण आगीची भीती होती. लाकूड आणि वाळलं गवत, एक ठिणगी पुरे. म्हणून गाव सलग नाही. पाच वाड्या, मध्ये मुद्दाम मोकळी सोडलेली जागा. लाकडी हौद आणि पाव भाजायची सामायिक भट्टी प्रत्येक वाडीची आपापली. तिथला एक गोल हौद मी बराच वेळ बघत बसलो होतो. पिण्याचं पाणी त्यात पडतं, आणि त्याला लागून असलेल्या लांबट हौदात धुणं.

आता इतिहास. डोंगरात तांब्याची खाण आहे, ती ब्राँझयुगातली, म्हणजे माणूस इथं चार हजार वर्षांपूर्वीच पोचला होता. पण मला सगळ्यात भावते ती 1343 ची सनद. या मुलखाचा अधिपती उंबेर दुसरा कर्जात बुडालेला. ब्रियाँसाँ आणि केरासासह पाच खोऱ्यांनी त्याला 12000 सोन्याची नाणी रोख दिली, वर दरवर्षीचा ठरलेला खंड कबूल केला, आणि बदल्यात स्वतःचे कारभारी स्वतः निवडायचा नि कर आपणच वाटून घ्यायचा हक्क मिळवला. सहाच वर्षांत त्यानं सगळा मुलूखच फ्रान्सच्या राजघराण्याला देऊन टाकला, पण सनद टिकली, थेट राज्यक्रांतीपर्यंत. केरासच्या दप्तराची एक मोठी लाकडी पेटी आहे, तिला अनेक कुलपं. किल्ल्या वेगवेगळ्या गावांकडे, त्यामुळे सगळे जमल्याशिवाय कागद बाहेर निघत नसे.

कारभार स्वतः करायचा तर लिहिता-वाचता यायला हवं. बर्फानं शेती बंद पडली की इथले पुरुष खाली दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हाँसकडे शिक्षक म्हणून जायचे. काम मिळवायला बाजारात उभे राहताना टोपीत पीस खोचलेलं: एक पीस म्हणजे वाचायला शिकवतो, दोन म्हणजे गणितही, तीन म्हणजे लॅटिनसुद्धा.

कॅथलिक-प्रोटेस्टंट भांडणात गाव होरपळलं. बरीच घरं प्रोटेस्टंट झाली होती. 1685 मध्ये फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईनं त्यांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं आणि अनेक कुटुंबं डोंगर ओलांडून परदेशी गेली. पुढे गाव रोडावलं ते पोटापाण्यासाठी. आज कायमची माणसं दोन-अडीचशे. पैसा बहुतेक पर्यटनाचा.

गावाच्या नावाची कथाही भूगोलच सांगते. व्हेराँ हा सहाव्या शतकातला, प्रोव्हाँसमधल्या कावायाँ गावचा बिशप. त्यानं एका ड्रॅगनला घायाळ करून पिटाळलं. ड्रॅगन आल्प्सकडे उडाला, वाटेत रक्ताचे थेंब पडले आणि तो इथं येऊन मेला. जिथं थेंब पडले ती म्हणे प्रोव्हाँसहून उन्हाळी चराईला निघालेल्या मेंढपाळांच्या मुक्कामाची ठिकाणं.

जाणार असाल तर 16 जुलैच्या आसपास जा. गावाच्या वर, 2400 मीटरच्या जवळपास, क्लोझिसची छोटी चॅपल आहे, तिथं त्या दिवशी यात्रा भरते. खिंडीपलीकडच्या कियानालेहून इटालियन लोकही येतात. त्यांचं खोरं 1343 च्या त्या पाच खोऱ्यांपैकीच. 1713 च्या तहात ते सव्हॉय या शेजारच्या राज्याकडे गेलं, यात्रेला येणं मात्र थांबलेलं नाही.